टीम लीड झाले खरी, पण माणसांचं काम कसं शिकायचं?

उंबरठा

नऊ वर्षं मी एकच काम केलं: ग्राहकांचे मासिक अहवाल. आकडे जुळवायचे, चूक हुडकायची, ठरल्या दिवशी पाठवायचं. या कामात माझा हात बसला आहे. चार महिन्यांपूर्वी त्याच टीमची लीड झाले. हाताखाली सात जण, सगळे कालपर्यंत शेजारी बसणारे. आता त्यांना काम वाटून द्यायचं, त्यांच्या रजा मंजूर करायच्या, त्यांचं अप्रेझल लिहायचं. 'हाताखाली' हा शब्द लिहितानाही जड जातोय.

अडचणी सांगते, आठवतील तशा.

पहिली रात्रीची. कुणी अहवाल पाठवला की मी तो उघडते, चुका दिसतात, आणि परत पाठवायचं सोडून मीच दुरुस्त करत बसते. वीस मिनिटांचं काम असतं. समजावून सांगायला तास जातो आणि समोरच्याचा चेहरा पडतो तो वेगळाच. महिनाअखेरीला मी रात्री साडेअकरापर्यंत जागी असते, बाकीचे सहाला घरी गेलेले असतात. मला त्यांचा राग येतो, आणि मग राग आल्याचं वाईट वाटतं.

दुसरी जास्त नाजूक आहे. टीममध्ये एक जण माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठे आहेत. मी नवीन असताना त्यांनीच मला हे काम शिकवलं. मी त्यांना दादा म्हणते. या जागेसाठी त्यांचंही नाव होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून ते मीटिंगमध्ये गप्प असतात. विचारलं तर 'तू ठरवशील तसं' एवढंच. त्यांना त्रास नको म्हणून मी त्यांना सोपी कामं द्यायला लागले आहे.

तिसरा एक मुलगा, लागून दीड वर्ष झालं. दोन महिन्यांत त्याचे तीन अहवाल उशिरा आले. मी तीनदा म्हणाले, 'जरा लक्ष दे रे.' तो 'हो' म्हणतो.

आणि माझी जवळची मैत्रीण याच टीममध्ये आहे. त्याबद्दल काय लिहावं तेच सुचत नाही.

कंपनीने दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं होतं. त्यात शब्द पुष्कळ मिळाले. सोमवारी सकाळी त्या मुलाच्या खुर्चीजवळ उभं राहून नेमकं कोणतं वाक्य बोलायचं, ते मिळालं नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी आपापली वाक्यं सांगावीत, ही विनंती.

दुसरीपाळी

बावीस वर्षं कारखान्यात पाळीप्रमुख आहे. तुमच्या पहिल्या अडचणीवर बोलतो, कारण ती मी सहा-सात वर्षं काढली आहे.

१९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये विल्यम ऑन्कन आणि डोनाल्ड वास यांचा एक लेख आला होता. त्यात अडचणीला माकड म्हटलं आहे. माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा माकड त्याच्या खांद्यावर असतं. तुम्ही म्हणता, 'बघतो, सांगतो तुला.' तेवढ्यात माकड उडी मारून तुमच्या खांद्यावर येतं. असं दिवसभर चालतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस तुम्हाला विचारतो, 'झालं का?' आता कामाचा हिशेब तो मागतोय आणि तुम्ही देताय.

तुमच्याकडे तर कुणाला माकड आणून द्यावंही लागत नाही. रात्री तुम्हीच घरोघरी जाऊन गोळा करता.

मी काय बदललं ते सांगतो. मशीन अडलं की ऑपरेटर येऊन उभा राहायचा, मी उठून दुरुस्त करायचो. मग दोन प्रश्नांची सवय लावून घेतली. 'काय काय करून बघितलंस?' आणि 'तुझ्या मते काय झालं असेल?' बोलणं संपवताना पुढचं पाऊल कुणाचं आणि किती वाजता, हे दोघांनी तोंडाने बोलायचं. 'तू कव्हर उघडून बघ, अकराला मी तिथे येतो.' अकराला मी जायचो म्हणजे जायचोच. माणसाला एकटं सोडून दिलं तर ती जबाबदारी सोपवणं होत नाही.

सुरुवातीला उत्पादन घसरलं. वरून बोलणी बसली. दोन महिने वाईट गेले. तिसऱ्या महिन्यापासून माणसं आधी दोन गोष्टी तपासून मग माझ्याकडे यायला लागली. ते दोन महिने सोसायची तयारी ठेवा आणि आपल्या वरिष्ठांना आधी सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं, ते चुकलं.

एक अपवाद. जिथे कुणाला इजा होऊ शकते तिथे मी प्रश्न विचारत बसत नाही, स्वतः हात घालतो. अहवालात अशी वेळ क्वचितच येत असेल.

कच्चीवही

मी पलीकडच्या बाजूने लिहितो. माझी पहिली नोकरी, आणि माझ्या लीड तुमच्यासारख्याच होत्या. कामात अतिशय पक्क्या, स्वभावाने चांगल्या, रात्री माझं काम दुरुस्त करायच्या.

मला ते कसं कळायचं? ग्राहकाला गेलेली फाइल मी सकाळी उघडायचो आणि त्यात माझी वाक्यं नसायची. कुणी काही बोललेलं नसायचं. पहिल्यांदा लाज वाटली. दुसऱ्यांदा काय बदललंय ते मी ओळ न् ओळ लावून पाहिलं, पण का बदललंय ते कळलं नाही. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मी कच्चं काम पाठवायला लागलो. आळस म्हणून नाही. माझ्या कामाचा शेवट माझ्या हातात नाही, एवढं माझ्या डोक्यात पक्कं झालं होतं.

वर्षाअखेरीला अप्रेझलमध्ये लिहून आलं, 'कामात अचूकता कमी.' तोवर एकदाही मला माझी चूक कुणी दाखवली नव्हती. त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून गेलेलं नाही.

तुमच्या टीममधलं कुणी हे तुम्हाला सांगणार नाही, म्हणून मी सांगितलं. राग मानू नका.

उंबरठा

कच्चीवही, राग नाही. तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मी दया म्हणून करत होते ते समोरून असं दिसत असेल, हे खरंच डोक्यात आलं नव्हतं.

दुसरीपाळी, दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. पण एक शंका आहे. अहवाल संध्याकाळी सहाला माझ्याकडे येतो, ग्राहकाला सकाळी नऊला हवा असतो. मधल्या वेळात 'तुझ्या मते काय झालं असेल' विचारायला माणूसच जागेवर नसतो.

अर्धविराम

सॉफ्टवेअरमध्ये दहा वर्षं टीम सांभाळते आहे. तुमच्या शंकेत मला एकच गोष्ट दिसते: तुम्ही काम पहिल्यांदा पाहता तेच मुळी संपल्यावर. तिथे दोनच वाटा उरतात, स्वतः करा किंवा चुकीचं जाऊ द्या.

म्हणून काम एक तृतीयांश झालं की बघायला लागा. काम पाच दिवसांचं असेल तर दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं. तेव्हा अहवाल अर्धवटच असतो आणि तो अर्धवट असावा हे दोघांनाही माहीत असतं, म्हणून चूक निघाली तरी मानहानी होत नाही. आकडे कुठून घेतले, मांडणी काय धरली आहे, कुठे अडकायला होतंय, एवढंच विचारायचं. बहुतेक मोठ्या चुका इथेच पेरलेल्या असतात. शेवटी जे उरतं ते स्पेलिंग आणि रंग.

आणि हे सगळ्यांसोबत सारखं करू नका. पॉल हर्सी आणि केन ब्लँचार्ड यांनी १९६९ साली एक मांडणी केली होती, ती नंतर परिस्थितीनुसार नेतृत्व या नावाने ओळखली गेली. इंटेल कंपनीचे एके काळचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांचंही म्हणणं त्याच अंगाने जाणारं होतं: माणूस किती पक्का आहे हे त्या-त्या कामापुरतं बघायचं. एकच माणूस आकडे जुळवण्यात निष्णात आणि ग्राहकाशी बोलण्यात नवखा असू शकतो. पहिल्या कामात त्याच्या मागे उभं राहिलात तर अपमान होतो, दुसऱ्यात एकटं सोडलंत तर तो बुडतो. मी माझ्या टीमचा एक साधा तक्ता केला होता: आडव्या ओळीत माणसं, उभ्या रांगेत कामं, प्रत्येक चौकटीत एकच नोंद, की इथे रोज बघायचं, आठवड्याने बघायचं की झाल्यावर कळवलं तरी चालेल. मग तो तक्ता प्रत्येकाला त्याच्या ओळीपुरता दाखवला आणि विचारलं, 'तुला पटतंय का?' तिघांनी नोंदी बदलायला लावल्या. त्यात दोघांनी 'मला इथे जास्त मदत हवी' म्हणून बदलल्या. मी उलट धरून चालले होते.

दुसरं, प्रत्येकाशी ठरलेल्या वेळी एकेकट्याने बोलणं, ज्याला आम्ही वन-ऑन-वन म्हणतो. ग्रोव्ह यांचा आग्रह होता की ती भेट किमान तासाची असावी आणि विषय हाताखालच्या माणसाने ठरवावेत. तासाचं कारण मला अनुभवाने कळलं. पहिली वीस-पंचवीस मिनिटं कामाची यादी होते. खरी गोष्ट त्यानंतर, दाराकडे जाता जाता निघते. अर्ध्या तासाची भेट ठेवली की नेमकी तिथेच ती संपते.

दुसरीपाळी

एकेकट्याने बोलण्याला सहमत, तासाला नाही. माझ्या पाळीत ३४ माणसं आहेत. मी पाळी सुरू होताना रोज दोघांबरोबर चालत फेरी मारतो, दहा-बारा मिनिटं. शेजारी चालताना माणूस समोरासमोर बसण्यापेक्षा मोकळा बोलतो. वेळ किती हे कामावर ठरवा. ठरलेली भेट मात्र पुढे ढकलू नका. पहिल्यांदा ढकललीत की माणसाला कळतं तो यादीत कुठे आहे.

अर्धविराम

३४ जणांना तास शक्यच नाही, मान्य. सात जणांना पंधरवड्याला एकदा शक्य आहे.

पानगळ

वाचतेय. पुढच्या महिन्यात याच पायरीवर पाऊल ठेवायचंय. तक्त्याची कल्पना उचलते.

वॉर्डमधली

मी रुग्णालयात वॉर्डची इनचार्ज आहे. तुमच्या 'जरा लक्ष दे रे' बद्दल लिहायचं होतं.

'लक्ष दे' हे वाक्य कामाबद्दल नाही, माणसाबद्दल आहे. ऐकणाऱ्याला एवढंच पोचतं की मी बेफिकीर आहे असं यांना वाटतं. काय बदलायचं ते कळत नाही. याचा मोठा अभ्यास आहे. अव्हराम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली अभिप्रायावरचे तोपर्यंतचे प्रयोग एकत्र करून तपासले, ६०० हून अधिक निष्कर्ष. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असं निघालं, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्राय दिल्यावर काम आधीपेक्षा खालावलं. लक्ष कामावरून उठून स्वतःवर गेलं, 'माझ्याबद्दल काय मत झालं' यावर गेलं, की परिणाम ढासळतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या वॉर्डातल्या तीन नर्स मुली आठवल्या, ज्यांना मी नर्सिंग स्टेशनवर सगळ्यांसमोर बोलले होते.

सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेची एक साधी चौकट आहे: प्रसंग कोणता, तू काय केलंस, त्याचा परिणाम काय झाला. तुम्ही वाक्यं मागितली होती, तर तुमच्या मुलासाठी हे असं होईल:

'गेल्या दोन महिन्यांत तुझे तीन अहवाल ठरल्या दिवसानंतर आले. तिसरा दोन दिवस उशिरा. तो तपासायला वेळ उरला नाही, आणि मला ग्राहकाला फोन करून मुदत मागावी लागली. काय होतंय ते मला तुझ्याकडून समजून घ्यायचंय.'

आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. पाच सेकंदांत आपणच 'म्हणजे काम जास्त असेल, मला कळतंय' असं बोलून त्याची सुटका करतो. बोलू नका. त्याला बोलू द्या. दार लावून, एकट्याला, आणि चौथ्या उशिराची वाट न बघता.

त्यात 'नेहमी', 'कधीच नाही', 'तुझा स्वभाव' हे शब्द येऊ देऊ नका. आणि आधी दोन कौतुकाची वाक्यं, मग तक्रार, मग पुन्हा कौतुक असंही करू नका. मी वर्षभर केलं. शेवटी मी कौतुक केलं की मुली सावध व्हायला लागल्या.

आता दुसरी बाजू. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला होता, १९९६ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांची अपेक्षा होती की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं की तिथे माणसं चूक झाल्याचं बोलून दाखवत होती, दुसरीकडे लपवत होती. पुढे १९९९ मध्ये त्यांनी याला टीममधली मानसिक सुरक्षितता असं नाव देऊन सविस्तर मांडलं.

माझ्या वॉर्डात रात्री अडीच वाजता एक मुलगी येऊन म्हणते, 'सिस्टर, माझ्या हातून चुकीचा डोस भरला गेला, दिला नाही अजून.' त्या क्षणी माझ्या चेहऱ्यावर काय येतं, त्यावर पुढच्या वर्षभरात मला किती चुका वेळेवर कळतील ते ठरतं. मी आधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणते. मग डोस. मग कारण. हा क्रम मी कधी मोडत नाही. नोंद होते, प्रशिक्षण होतं, काही वेळा कारवाईही होते. माणसाला सुरक्षित वाटणं आणि कामाचा दर्जा सैल सोडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे दर्जा सैल सोडता येतच नाही.

उंबरठा

'बरं झालं सांगितलंस.' हे वाक्य मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. चूक सांगितली की मी लगेच फाइल उघडते.

पिंपळपान

एवढं सगळं लिहून झालं, पण दादांबद्दल कुणी बोललं नाही. मी बोलतो. मी त्या जागी होतो.

सहा वर्षांपूर्वी आमच्या विभागात माझ्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान असलेला मुलगा प्रमुख झाला. चांगला मुलगा. मीच त्याला घडवला होता असं म्हटलं तरी चालेल. यादी लागली त्या दिवशी मी त्याचं अभिनंदन केलं आणि घरी जाऊन कुणाशी बोललो नाही. त्याने पुढे काय केलं? तुम्ही करता तेच. मला सांभाळून घेतलं. अवघड काम माझ्याकडे येईना. मीटिंगमध्ये माझं मत विचारताना त्याचा आवाज मऊ व्हायचा. लोकांच्या ते लक्षात यायचं. मला वाटायला लागलं की माझी सोय लावली आहे, निवृत्तीपर्यंत बसवून ठेवलं आहे. मी गप्प होतो तो रागाने नव्हे. माझ्या बोलण्याची गरजच नाही, असं मला त्या सोप्या कामांनी सांगितलं होतं.

आठ महिन्यांनी एके दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'ही जागा तुम्हाला हवी होती, हे मला माहीत आहे. ती मला मिळाली आणि तुम्हाला वाईट वाटलं असणार. मी ते आजवर बोललो नाही, कारण मला भीती वाटत होती.' एवढंच. उपाय सांगितला नाही, माफी मागितली नाही. मी म्हणालो, 'हो, वाटलं.' त्या दोन वाक्यांनी जे झालं ते आठ महिन्यांच्या मऊपणाने झालं नव्हतं.

त्यानंतर त्याने मला विभागातलं सगळ्यात किचकट काम दिलं, आणि दोन नवीन मुलं शिकायला दिली. कागदोपत्री दिली, सगळ्यांना सांगून दिली. माझ्या एका निर्णयाशी त्याचं पटलं नाही तेव्हा तो सरळ भांडला. त्या भांडणात मला बरं वाटलं होतं, पुन्हा कुणीतरी मला धरून बोलत होतं.

तुम्ही त्यांना दादा म्हणता तर म्हणत राहा. त्यात काही मोडत नाही. अप्रेझल लिहिताना मात्र जे आहे ते लिहा. दादा म्हणून दोन गुण वर दिलेत तर त्यांना ते पहिल्या वाचनात कळेल.

वॉर्डमधली

पिंपळपान, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या वॉर्डात अशा एक ज्येष्ठ सिस्टर आहेत. उद्याच बोलते.

रिकामीचौकट

थोडं वेगळं मत मांडतो. सगळ्यांनी या वाटेला जायलाच हवं का? लॉरेन्स पीटर यांनी १९६९ साली मांडलेलं तत्त्व सगळ्यांना माहीत आहे: माणूस चांगलं काम करतो म्हणून वर जात राहतो आणि जिथे त्याला काम जमत नाही त्या पायरीवर थांबतो. २०१९ मध्ये ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली शू यांनी विक्री विभागांची माहिती तपासून दाखवलं की उत्तम विक्री करणारे जास्त प्रमाणात मॅनेजर होतात, आणि त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी मात्र तुलनेने कमी भरते. उंबरठा यांनी स्वतःच लिहिलंय की त्यांचा हात अहवालात बसला आहे. परत त्याच कामाकडे, वरच्या दर्जाच्या तज्ज्ञ म्हणून जाण्यात कमीपणा काय आहे? मी गेलो. दोन वर्षं टीम सांभाळली, झोप गेली, परत मागून घेतलं. आज मी समाधानी आहे.

अर्धविराम

कमीपणा अजिबात नाही, आणि ही वाट प्रत्येक कंपनीत उघडी असायला हवी. पण चार महिन्यांत हा निर्णय घेऊ नये असं मला वाटतं. हार्वर्डच्या लिंडा हिल यांनी १९ नवीन मॅनेजरांच्या पहिल्या वर्षाचा मागोवा घेतला होता. ती माणसंही आपापल्या कामात उत्तम म्हणूनच निवडली गेली होती. पद मिळालं की लोक ऐकतील, ही समजूत जवळपास सगळ्यांची होती आणि ती सगळ्यांचीच मोडली. हे काम ते वाचून शिकले नाहीत, करता करता, बरंच चुकून शिकले. म्हणजे चौथ्या महिन्यात गुदमरल्यासारखं होणं हा नालायकीचा पुरावा नाही.

गूगलने आपल्या मॅनेजरांचा अभ्यास केला होता, ऑक्सिजन नावाचा प्रकल्प. चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी निघाल्या. पहिली, माणसांना घडवणं. तांत्रिक ज्ञान यादीत आठवं. यादीत होतं हे विसरू नका, ज्याला कामच कळत नाही त्याला टीम मानत नाही. पण खालून पहिलं.

मला विचाराल तर निर्णयाची कसोटी एकच: दुसऱ्याला काम जमलं त्या दिवशी तुम्हाला आतून बरं वाटतं का? कौशल्य येतं. हे वाटणं आलं नाही तर रिकामीचौकट म्हणतात ते करावं.

पायवाट

मैत्रिणीबद्दल थोडक्यात. मी याच कारणाने एक मैत्री गमावली आहे, म्हणून लिहिते. मैत्री राहू शकते, पण दोन गोष्टी तिला स्वतः जाऊन सांगाव्या लागतात. एक, टीममधल्या बाकीच्यांबद्दल आपण आता बोलायचं नाही. दोन, काही गोष्टी मला आधी कळतील आणि मी तुला सांगणार नाही. मी हे बोलले नाही. कुणाची बदली होणार हे मला माहीत होतं, तिला नंतर कळलं, आणि तिला वाटलं मी दुरावले.

शिवाय हे नातं दोघींपुरतं राहत नाही. बाकीचे सहा जण बघत असतात. व्ही. ए. ग्रायकुनास यांनी १९३३ मध्ये हिशेब मांडला होता: वरिष्ठ आणि त्याची माणसं यांच्यातली एकेकट्याची, आपापसांतली आणि गटागटांतली नाती मोजली तर सहा माणसांना २२२ होतात, सात झाली की ४९०. इतक्या नात्यांमधून एक बातमी कशी फिरत असेल बघा. तिची रजा आणि बाकीच्यांची रजा एकाच नियमाने मंजूर होते आहे, हे सगळ्यांना दिसू द्या.

उंबरठा

सहा आठवड्यांनी परत आले आहे. तुम्ही इतकं मनापासून लिहिलंत, तर काय झालं ते सांगायलाच हवं.

आधी वरिष्ठांकडे गेले आणि सांगितलं की दोन महिने आमच्या अहवालांत आधीपेक्षा जास्त चुका दिसतील, मी रात्रीचं दुरुस्त करणं थांबवतेय. ते खूश झाले नाहीत. दोन मोठे ग्राहक सोडून बाकीच्यांपुरतं करून बघ म्हणाले. तेवढं मला पुरलं.

मुलाशी बोलले. वॉर्डमधली यांची वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी वापरली आणि गप्प बसले. फार वेळ वाटला. मग तो म्हणाला की दुसऱ्या विभागाकडून आकडे त्याला २५ तारखेला मिळायला हवेत, ते २८ ला मिळतात, आणि तो नवीन असल्यामुळे मागायला बिचकतो. दोन महिने मी त्याला 'लक्ष दे' म्हणत होते आणि तो तीन दिवस उशिरा येणाऱ्या आकड्यांवर लक्ष देऊन बसला होता. त्या विभागाशी तोच बोलला, मी फक्त शेजारी उभी होते.

दादांशी बोलायला मला तीन आठवडे लागले. दोनदा त्यांच्या टेबलापर्यंत जाऊन परत आले. शेवटी म्हटलं, 'दादा, ही जागा तुम्हाला हवी होती, मला माहीत आहे.' ते बराच वेळ खिडकीकडे बघत होते. मग म्हणाले, 'मला वाटलं तू कधी बोलणारच नाहीस.' दोन मोठ्या ग्राहकांपैकी एकाचं सगळं काम आता त्यांच्याकडे आहे, आणि काम एक तृतीयांश झाल्यावरची तपासणी आम्ही दोघं वाटून घेतो. परवा मीटिंगमध्ये त्यांनी माझी एक सूचना सगळ्यांसमोर खोडून काढली. बरोबर होते ते.

मैत्रिणीशी बोलले, पण ते नीट झालं नाही. 'म्हणजे आता तू मॅनेजर' एवढंच म्हणाली. अजून अंतर आहे. पायवाट, तुमचं म्हणणं लक्षात ठेवलंय, थांबते आहे.

आणि गेल्या महिनाअखेरीला मी साडेसातला घरी गेले. एका अहवालात चूक राहिली, मी जागी असते तर सापडली असती अशी. ग्राहकाने पकडली. ज्याचा अहवाल होता तो सकाळी माझ्याकडे आला, चेहरा उतरलेला. मी म्हटलं, 'बरं झालं सांगितलंस.' मग त्यानेच ग्राहकाला फोन केला.

कच्चीवही

फोननंतर तो काय म्हणाला?

उंबरठा

म्हणाला, 'पुढचा अहवाल दुसऱ्या दिवशीच दाखवू का?' मंगळवार दुपारची वेळ ठरली आहे.